तेलाची वाट

ऑटोमॅटिक गाडी ‘डी’मध्ये टाकली, पाय दाबला, इंजिन ओरडलं, आणि गाडी मात्र हलायचं की नाही याचा विचार करत दोन सेकंद जागेवरच. पुढचं सगळं ठरलेलं असतं. कुणीतरी सांगतं, ‘प्लेटा गेल्या.’ गिअरबॉक्स उतरतो, खोलला जातो, आत खरोखरच काळ्या पडलेल्या प्लेटा निघतात. नव्या घातल्या जातात, गाडी झकास पळू लागते, आणि काही महिन्यांत पुन्हा तोच करपट वास, तीच घसरण. प्लेटा गेल्या होत्या यात खोटं काहीच नव्हतं. त्या का गेल्या, हे विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरच्या गॅरेजमध्ये पूर्ण खोलून नव्यानं बांधता येतो. त्याला लेथ लागत नाही, वेल्डिंग लागत नाही. भक्कम टेबल, चांगला उजेड, छोटा कॉम्प्रेसर, सर्क्लिपच्या (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कड्यांच्या) दोन-तीन पकडी, फट मोजायचं फीलर गेज, हालचाल मोजायचं डायल गेज, कमी टॉर्कवर नेमका चालणारा टॉर्क रेंच आणि त्या मॉडेलचं मॅन्युअल एवढ्यात भागतं. वेळ मात्र लागतो, आणि डोक्यात एक चित्र आधी पक्कं असावं लागतं. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये दर वेळी गिअरची वेगळी जोडी काम करते. ऑटोमॅटिकमध्ये प्लॅनेटरी गिअरचे संच कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात. मधला सन गिअर, त्याभोवती फिरणारे प्लॅनेट, बाहेरचा रिंग गिअर, यांपैकी कुणाला धरायचं आणि कुणाला फिरवायचं, एवढंच बदलतं. धरायचं काम क्लच पॅक (आलटूनपालटून रचलेल्या अस्तराच्या म्हणजे फ्रिक्शन प्लेटा आणि स्टील प्लेटा) आणि बँड (ड्रमभोवतीचा पट्टा) करतात, आणि त्यांना पिस्टनमार्फत आवळतं ते तेल.

किती जोरात आवळतं, याचा हिशोब सोपा आहे. पिस्टनचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर आणि तेलाचा दाब १० बार धरला, तर पिस्टन प्लेटांवर साधारण एक टनाचा भार टाकतो. त्याच पिस्टनचं सील कडक होऊन चिरलं आणि तिथवर ६ बारच पोचू लागले, तर भार सहाशे किलोंवर येतो. इंजिनाची ओढ तेवढीच राहते. प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात, तापल्या की त्यांवरचं कागदी अस्तर चकचकीत होतं, मग काळं पडतं, शेवटी सोलून निघतं. म्हणून गिअरबॉक्स खोलताना प्रत्येक भागाकडे बघून एकच प्रश्न विचारायचा: पंपापासून या पिस्टनपर्यंत येताना तेल कुठे कुठे गळू शकतं? तेलाच्या वाटेवर एक छिद्र राहिलं की बाकीच्या सगळ्या कामाची वाट लागते.

उदाहरणाला जनरल मोटर्सचा ७००आर४ घेऊ. १९८२मध्ये आलेला, चार गिअरचा, गुणोत्तरं ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०. पुढे १९९३मध्ये याचाच इलेक्ट्रॉनिक अवतार ४एल६०ई आला. निवडण्याचं कारण असं की याचा सगळा मेंदू तेलावर चालतो, सुटे भाग भरपूर मिळतात, आणि त्याची दुखणी जगजाहीर आहेत. आयुष्यातला पहिलाच गिअरबॉक्स बांधायचा असेल तर मात्र टर्बो-हायड्रामॅटिक ३५० घ्यावा. तीनच गिअर, साधी रचना, चुकलं तरी सावरायला जागा. आठ-नऊ गिअरचे नवे गिअरबॉक्स, ज्यांत कंप्युटर आणि तेल कुठे जायचं ते ठरवणारी व्हॉल्व्ह बॉडी एकाच ठोकळ्यात असते, ते पहिल्या प्रयत्नासाठी नाहीत. तिथे काम संपल्यावरही स्कॅनर जोडून कंप्युटरला अ‍ॅडॅप्टेशन, म्हणजे नव्या भागांशी जुळवून घेणं, नव्यानं शिकवावं लागतं, नाहीतर उत्तम बांधलेला गिअरबॉक्सही झटके देत राहतो.

खोलण्याआधी निदान. इथे घाई करणारे पुढे सगळीकडे घाई करतात. पॅन, म्हणजे गिअरबॉक्सखालचं तेलाचं भांडं, उतरवा आणि त्यातल्या चुंबकाकडे बघा. चुंबकावर राखाडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. काळी रेती म्हणजे फ्रिक्शन प्लेटांचं अस्तर. पिवळसर चमकणारे कण पॅनच्या तळाशी, चुंबकाला न चिकटता पडलेले, म्हणजे बुश, शाफ्टला आधार देणारी मऊ धातूची नळी, खाल्ला गेलाय. बोटाला टोचणारी पोलादाची कुसळं म्हणजे बेअरिंग किंवा प्लॅनेटचे दात, आणि मग कुठलाच भाग न तपासता परत वापरायचा नाही. तेल गुलाबी दुधासारखं दिसत असेल तर रेडिएटरमधला तेलाचा कूलर फुटून पाणी आत आलंय. अशा वेळी प्लेटा दिसायला कोऱ्या असल्या तरी सगळ्या टाकायच्या, कारण अस्तर पोलादी गाभ्याला गोंदानं चिकटवलेलं असतं आणि पाणी तो गोंद सोडवतं.

गाडी कुठले गिअर घेते आणि कुठले घेत नाही, ही यादी तर पॅनपेक्षाही बोलकी असते. ७००आर४ आणि त्याच्या वारसांमध्ये एक गमतीदार तक्रार येते: पहिला चालतो, तिसरा चालतो, पण दुसरा नाही, चौथा नाही आणि रिव्हर्सही नाही. वरवर बघता तीन वेगळे बिघाड. पण आत काय होतं बघा. रिव्हर्समध्ये फिरतो, आणि दुसऱ्या-चौथ्यात २-४ बँड ज्याला घट्ट धरतो, तो ड्रम, म्हणजे प्लेटा सामावणारा गोल डबा, खाचांनी एका पत्र्याच्या टोपलीत अडकलेला असतो. ती टोपली म्हणजे सन शेल. तिच्या गळ्याशी असलेली स्प्लाइन, म्हणजे उभ्या दातांची रांग, पाठीमागच्या सन गिअरला पकडते. ती स्प्लाइन झिजून गुळगुळीत झाली की बँड इमानेइतबारे ड्रम धरतो, ड्रम टोपलीला धरतो, आणि टोपलीच्या आत सन गिअर मोकाट फिरत राहतो. पहिल्या आणि तिसऱ्या गिअरला या टोपलीची गरजच नसते. म्हणजे गिअरबॉक्स गाडीखाली असतानाच, एकही बोल्ट न सोडता, कुठला भाग मागवायचा हे कळलं. मागवताना उष्णोपचार केलेली, जाड धातूची सुधारित शेल मागवावी. मूळ नमुन्याची परत घालणं म्हणजे तोच आजार विकत घेणं.

उतरवण्याबद्दल थोडक्यात. बॅटरीची निगेटिव्ह काढा. गाडी चारही बाजूंनी स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. कोरडा गिअरबॉक्स ७० किलोंच्या आसपास भरतो आणि त्याचा तोल पुढे असतो. चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट जसा होता तसाच परत बसावा म्हणून खूण करा. टॉर्क कन्व्हर्टरचे (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या, तेलानं भरलेल्या गोल डब्याचे) बोल्ट खालच्या झाकणातून, इंजिन हातानं फिरवत एकेक काढा आणि कन्व्हर्टर गिअरबॉक्ससोबतच खाली येऊ द्या. तो पट्टीनं बांधून ठेवला नाही तर पुढे सरकून पडतो, आणि पोटातलं दोन-तीन लिटर तेल जमिनीवर, नाहीतर तोंडावर, ओततो.

टेबलावर घेण्याआधी बाहेरून धुऊन काढायचा. आत गेलेला वाळूचा एक कण व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो. म्हणूनच आतल्या कामाला सुती फडकं वापरायचं नाही. त्याचा धागा सुटतो आणि बारीक भोकात जाऊन बसतो. भाग सॉल्व्हंटनं धुवावेत, हवेनं वाळवावेत आणि पुसायचे झाले तर धागा न सोडणाऱ्या कागदानंच.

खोलण्याची पहिली मोजणी पंप काढण्याआधी. इनपुट शाफ्टवर डायल गेज लावा, शाफ्ट वर ओढा, किती प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, आहे ते लिहून ठेवा. ७००आर४मध्ये तो ०.१३ ते ०.९२ मिलिमीटरच्या आत हवा. जास्त निघाला तर आतला एखादा थ्रस्ट वॉशर, म्हणजे भागांमधली घासपट्टीची चकती, झिजलाय हे आताच कळतं. सगळं सुटं झाल्यावर तो प्ले मोजायला कुठलाच शाफ्ट उरत नाही.

मग एकेक थर बाहेर येतो: पंप, बँड, रिव्हर्स ड्रम, इनपुट ड्रम, पुढचा प्लॅनेटरी, सन शेल, मागचा प्लॅनेटरी, लो-रिव्हर्स क्लच. जसा निघाला तसाच, त्याच क्रमानं आणि त्याच तोंडानं मांडून ठेवा आणि प्रत्येक थराचा फोटो घ्या. टॉरिंग्टन म्हणजे चपट्या बेअरिंगना वरची-खालची बाजू असते, थ्रस्ट वॉशरना जिभा असतात, आणि एकदिशा क्लच म्हणजे स्प्रॅग आणि रोलर तर उलटेही आरामात बसतात. उलटा बसलेला स्प्रॅग गाडीत गेल्यावरच बोंबलतो. काढण्याआधी बोटानं फिरवून बघा, कुठल्या बाजूला मोकळा आणि कुठल्या बाजूला अडतो, आणि मार्करनं बाण काढा. बसवल्यावर तीच फिरकी परत घ्या. दहा सेकंदांचं काम, पण ते वाचवण्याच्या नादात पुन्हा पूर्ण गिअरबॉक्स उतरवणारे कमी नाहीत.

ड्रममधून पिस्टन काढायला रिटर्न स्प्रिंगा दाबाव्या लागतात. मोठा सी-क्लॅम्प किंवा आटे पाडलेला रॉड आणि दोन पट्ट्या यांनी हे जमतं. स्प्रिंगची थाळी सरळ दबली पाहिजे. ती तिरपी दबली आणि सर्क्लिप सुटली, तर डझनभर छोट्या स्प्रिंगा गॅरेजभर उडतात आणि एखादी डोळ्यात जाते. चष्मा घाला.

आता भागांचा न्याय. फ्रिक्शन प्लेटा नव्याच; जुन्या चांगल्या दिसतात म्हणून परत घालण्यात कसलीही बचत नाही. स्टील प्लेटांवर निळे-काळे डाग असतील तर तिथे पोलाद तापून त्याचा ताव गेलाय, त्याही नव्या. ड्रमची आतली भिंत, जिथे पिस्टनचं सील घासतं, तिथे नख फिरवा. नख अडलं तर ओरखडा सील फाडणार. बुश शाफ्टवर चढवून हलवा. बुश ढिला झाला की शाफ्ट डगमगतो, आणि डगमगणाऱ्या शाफ्टवरच्या सील रिंगा कितीही नव्या असल्या तरी गळतात. बुश हा भाग इतका साधा दिसतो की लोक तो सोडून देतात, आणि दाब नेमका तिथूनच जातो. बुश बदलताना भोकाची जागा जुळली की नाही हे बघा. तेलाच्या छिद्रावर बुशची भिंत आली तर आपणच वाट बुजवली.

या गिअरबॉक्सचं हमखास जळणारं ठिकाण म्हणजे ३-४ क्लच, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरचा. तो जळतो म्हणून त्यात जास्त प्लेटांचा सुधारित संच घालतात. ते चांगलंच. पण तेलाची वाट बघा. तिसरा गिअर पडताना ३-४ क्लचला जाणारं तेल त्याच वेळी बँडच्या सर्व्होलाही, म्हणजे बँड आवळणाऱ्या पिस्टनलाही, जातं, बँड सोडवायला. म्हणजे सर्व्होचं सील गळत असेल तर दाब ३-४ क्लचचा कमी होतो आणि जळतो तो क्लच, सर्व्हो नव्हे. त्याच सर्व्होच्या विहिरीत केसच्या भिंतीला एक छोटी कॅप्सूल ठोकलेली असते, आत एक गोळी असलेली. तिसऱ्या अ‍ॅक्युम्युलेटरचा (गिअर पडतानाचा धक्का मऊ करणाऱ्या भागाचा) चेक व्हॉल्व्ह, म्हणजे तेल एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप. ती झिजली की तेल गुपचूप केसमध्ये ओघळतं. तिच्या वाटेत थोडं सॉल्व्हंट ओता आणि केसच्या आत ठिबकतं का बघा. ठिबकलं तर जुनी कॅप्सूल ओढून नवी ठोका. ही तपासणी न करता कितीही उंची प्लेटा घातल्या तरी त्या जळणारच, फक्त महाग जळतील. ड्रमलाही अशीच एक गोळी असते. क्लच सुटला की फिरत्या ड्रममधलं उरलेलं तेल बाहेर पडावं म्हणून ती केंद्रोत्सारी बलानं जागा सोडते, आणि दाब आला की परत बसते. ती नीट बसत नसेल तर तिथेही गळती.

सीलांचं काम हातानं शिकायचं आहे, वाचून नाही, पण काही गोष्टी सांगता येतात. ओठवाल्या सीलचा ओठ नेहमी दाबाच्या बाजूला तोंड करून हवा. उलटा बसला तर तेल त्याला दाबून मिटवतं आणि निसटतं. पिस्टन ड्रममध्ये उतरवताना तो ओठ कडेला दुमडतो. पातळ, गोल केलेल्या तारेनं किंवा घासून गुळगुळीत केलेल्या फीलर पट्टीनं ओठ आत ढकलत, पिस्टन किंचित फिरवत खाली न्यायचा. जोर लावायची वेळ आली तर ओठ दुमडलाय असं समजून वर काढायचा. टेफ्लॉनच्या अखंड रिंगा गरम पाण्यात मऊ करून शाफ्टवर चढवायच्या, आणि चढवल्यावर त्या ताणलेल्या राहतात म्हणून परत मापात आणायच्या: भोवती पातळ, गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी, वर होज क्लॅम्प, आणि काही वेळ तसंच ठेवायचं. इनपुट शाफ्टवर अशा चार रिंगा असतात. एकीची कड जरी कापली गेली तरी तिच्याआडचा क्लच उपाशी.

वंगण म्हणून आणि बेअरिंग-गोळ्या जागेवर चिकटून राहाव्यात म्हणून व्हॅसलीन किंवा खास असेंब्ली जेल वापरा. ग्रीस नाही. व्हॅसलीन गरम तेलात विरघळून जातं, ग्रीस गोळा होऊन बारीक जाळ्या बुजवतं. नव्या फ्रिक्शन प्लेटा कमीत कमी अर्धा तास, शक्यतो तासभर, गिअरबॉक्सच्याच तेलात भिजत ठेवा. कोरडी प्लेट पहिल्या मिनिटातच जळते, मग बाकी सगळं अचूक असून उपयोग नाही.

आणि तेल म्हणजे नेमकं तेच तेल. इथे फक्त घट्टपणा जुळून भागत नाही. प्लेट पकडताना किती निसटावी आणि कुठे घट्ट व्हावी, हे तेलातली रसायनं ठरवतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यासाठी स्पर्म जातीच्या देवमाशाचं तेल वापरलं जाई. त्यावर बंदी आल्यावर पर्याय शोधताना तेल कंपन्यांची चांगलीच दमछाक झाली. आज देवमासा नाही, पण तत्त्व तेच. चुकीचं तेल घातलं की कन्व्हर्टरमधला, इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा लॉकअप क्लच थरथरतो, आणि गाडी खड्डेमय रस्त्यावर चालल्यासारखी वाटते.

क्लच पॅक भरला की फट मोजायची, शेवटची जाड प्लेट आणि सर्क्लिप यांच्यामध्ये फीलर गेज घालून. मॅन्युअलचा आकडा हाच शेवटचा शब्द. तो हाताशी नसेल तर ढोबळ अंदाज असा की प्रत्येक फ्रिक्शन प्लेटमागे पाव मिलिमीटर. फट कमी पडली तर क्लच सुटला तरी प्लेटा घासत राहतात आणि जळतात. जास्त झाली तर पिस्टनला लांब जावं लागतं, गिअर उशिरा आणि धाडकन पडतो. जाड-पातळ प्लेटा किंवा सर्क्लिपा बदलून ती मापात आणता येते. ‘चालून जाईल’ हा शब्द इथे वर्ज्य.

त्यानंतर या कामातला सगळ्यात समाधानाचा क्षण, आणि सगळ्यात उपयोगाचाही. ड्रम पंपाच्या शाफ्टवर बसवायचा, रिंगांसकट, जसा तो गाडीत असेल तसा. रबरी टोकाची ब्लो गन त्या क्लचच्या छिद्रावर घट्ट धरायची आणि रेग्युलेटर दोन-अडीच बारवर ठेवून हवा सोडायची. क्लच बरा असेल तर ‘ठप्प’ असा एकच भरीव आवाज येतो. प्लेटा आवळल्या जातात, फट मिटते, आणि हवा सोडली की पिस्टन तितक्याच ठामपणे मागे येतो. सील दुमडलेलं असेल तर आवाज येतो, पण मऊ, आणि मागून फुस्स चालू राहतं. थोडं फुस्स रिंगांच्या फटीतून येतंच. हवा तेलापेक्षा पातळ असते. कानाला फरक लवकर कळतो. खात्री नसेल तर छिद्रात थोडं तेल घालून पुन्हा हवा द्या. तेल जिथून बुडबुडत येईल तिथे गळती. ही परीक्षा प्रत्येक क्लचची, दोनदा घ्यावी: एकदा टेबलावर, एकदा केसमध्ये बसल्यावर. नापास झालेला क्लच इथे दुरुस्त करून पुन्हा परीक्षेला बसवता येतो. गाडीखाली गेल्यावर नाही.

व्हॉल्व्ह बॉडी पाहून भल्याभल्यांची छाती दडपते. भुलभुलैयासारख्या वाटा, पंधरा-वीस स्प्रिंगा, आणि सगळ्या एकमेकींच्या जुळ्या बहिणी. एका वेळी एकच व्हॉल्व्हची रांग काढा, धुवा, परत घाला, मग पुढची. स्वच्छ, किंचित तेलकट व्हॉल्व्ह, बॉडी उभी केल्यावर, आपल्या वजनानं घसरत खाली आला पाहिजे. अडत असेल तर अगदी बारीक, भिजवलेल्या पॉलिश पेपरनं गोल फिरवत चोळा, पण व्हॉल्व्हच्या कडा कधीही गोल करू नका. त्या धारदार ठेवलेल्या असतात ते आलेला कण कापून पुढे ढकलण्यासाठी. गोल झालेल्या कडेखाली कण शिरतो आणि व्हॉल्व्ह तिथेच अडकतो. सेपरेटर प्लेटच्या (व्हॉल्व्ह बॉडी आणि केस यांच्यामधल्या भोकांच्या पत्र्याच्या) वरचं आणि खालचं गॅस्केट दिसायला सारखं, पण भोकं वेगळी. जुन्या गॅस्केटवर नवं ठेवून प्रत्येक भोक जुळवा. चेक बॉल, म्हणजे वाटांमधल्या सुट्या गोळ्या, किती आणि कुठे, हे वर्षागणिक बदलतं. दुसऱ्याच्या फोटोवर नाही, आपण खोलताना काढलेल्या फोटोवर विश्वास ठेवा. बोल्ट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, एकसारखे आवळा. केस अ‍ॅल्युमिनियमची असते, आटे जायला अर्धा फेरा पुरतो. बोल्टांची लांबीही वेगवेगळी असते. लांब बोल्ट छोट्या जागी गेला तर खाली टेकतो आणि व्हॉल्व्ह बॉडी घट्ट झाल्याचा आभास देतो.

बांधताना केस उभी, तोंड वर. इनपुट ड्रम शेवटी उतरतो तेव्हा त्याच्या खालच्या प्रत्येक प्लेटचे दात एकेक करून खाचेत जावे लागतात. शाफ्ट धरून हलके हलके पुढे-मागे फिरवायचा. ड्रम ‘टक’ करत थोडा थोडा खाली जातो. वरून दाबायचा नाही. तो थोडा उंच राहिला आणि पंप आवळला, तर खाचेत न गेलेली प्लेट चिरडते. पंपाची दोन अंगं एकमेकांना जोडताना बाहेरून मोठ्या होज क्लॅम्पनं एका रेषेत आणून मग त्याचे बोल्ट आवळायचे, नाहीतर पंप केसमध्ये तिरपा बसतो आणि बाहेरची ओरिंग कापतो. पंपाचे बोल्ट आवळताना दर फेऱ्याला इनपुट शाफ्ट हातानं फिरवून बघा. फिरायचा थांबला तर तुम्हीही थांबा. शेवटी सुरुवातीला घेतलेला प्ले परत मोजा.

कन्व्हर्टर घरी उघडत नाही, तो वेल्ड केलेला असतो. जुन्या गिअरबॉक्सची काळी रेती त्याच्या पोटात असते आणि ती धुऊन पूर्ण निघत नाही. प्लेटा जळल्या असतील तर कन्व्हर्टर बदला, यात वाद नको. नव्यात बसवण्याआधी लिटरभर तेल ओता.

तो बसवणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक होण्याची जागा. कन्व्हर्टरला तीन ठिकाणी गुंतावं लागतं: पंपाला जोडलेल्या, स्टेटर नावाच्या भागाच्या आधाराची स्प्लाइन, टर्बाइन म्हणजे इनपुट शाफ्टची स्प्लाइन, आणि पंपाला फिरवणाऱ्या खाचा. प्रत्येक वेळी फिरवता फिरवता तो खाली बसल्याचा झटका हाताला जाणवतो. दोन झटके आले की बसला असं वाटतं. तिसरा आला नसेल तर तो पंपाच्या खाचांवर नुसता टेकलाय. तसाच गिअरबॉक्स इंजिनाला लावला तर बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं घंटेसारखं पुढचं तोंड) आणि इंजिनमध्ये बोटभर फट उरते, माणूस ती बोल्टांनी ओढून मिटवतो, आणि आत पंपाचा रोटर फुटतो. सगळं नवीन असताना. बेलहाउसिंग हातानंच इंजिनाला सपाट टेकली पाहिजे. टेकल्यावर कन्व्हर्टर हातानं मोकळा फिरायला हवा आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या टोकावरच्या पातळ चकतीपर्यंत, यायला त्याला ३ ते ५ मिलिमीटर पुढे ओढावं लागायला हवं. ही फट मोजून मगच कन्व्हर्टरचे बोल्ट.

कूलर विसरू नका. जुन्या गिअरबॉक्सचा सगळा कचरा त्याच्या नळ्यांत साचलेला असतो आणि पहिल्याच मिनिटात नव्यात परत येतो. उलट्या दिशेनं फ्लश करा, परतीच्या नळीवर चुंबकाचा फिल्टर लावा. इंजिन चालू झाल्यावर परतीची नळी बरणीत सोडून बघता येतं: २० ते ३० सेकंदांत साधारण लिटरभर तेल यायला हवं. कमी आलं तर कूलर बुजलेला आहे. तापलेल्या गिअरबॉक्सचं आयुष्य झपाट्यानं घटतं.

थ्रॉटलची केबल जोडणं हे तेल भरण्याआधीचं शेवटचं काम, आणि ७००आर४चं नशीब तिच्याच हातात. बाहेरून ती किकडाउनची (जोरात पाय दाबल्यावर खालचा गिअर पाडणारी) केबल दिसते म्हणून लोक तिला किरकोळ समजतात. पण अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय हे आतल्या व्हॉल्व्हला तीच सांगते, आणि त्यावरून तेलाचा दाब ठरतो. ती ढिली राहिली तर इंजिन जोर लावतंय हे गिअरबॉक्सला कळतच नाही, दाब कमीच राहतो, आणि नवा ३-४ क्लच थोड्याच अंतरात जळतो. स्लायडरचं बटण दाबून तो थ्रॉटलपासून लांब, शेवटपर्यंत मागे ढकलायचा, बटण सोडायचं, मग थ्रॉटल हातानं पूर्ण उघडायचा. स्लायडर कटकट करत स्वतः जागेवर येतो. पूर्ण थ्रॉटलला केबल पूर्ण ओढली गेली पाहिजे, अर्धा मिलिमीटरही कमी नाही.

केसच्या कडेचा छोटा प्लग काढून तिथे २० बारपर्यंतचं प्रेशर गेज लावा. चार-पाच लिटर तेल आधी, इंजिन सुरू होताच उरलेलं थोडं थोडं. कोरड्या गिअरबॉक्सला कन्व्हर्टरसकट अकरा लिटरांच्या आसपास लागतं. सुरू होताच काटा उठला पाहिजे. काही सेकंदांत उठला नाही तर इंजिन बंद. ‘येईल’ म्हणून रेस द्यायची नाही. चाकं हवेत ठेवून, ब्रेकवर पाय ठेवून, प्रत्येक गिअरमध्ये थोडा वेळ. रिकाम्या चालीत काटा साधारण ४ ते ५ बारवर, केबल हातानं ओढली की वर चढायला हवा, रिव्हर्समध्ये ‘डी’पेक्षा बराच वर. केबल ओढून काटा हलला नाही, तर रस्त्यावर जायचं नाही. आधी केबल, मग तिच्याखालचा व्हॉल्व्ह. तेलाची पातळी शेवटी गरम झाल्यावर, ‘पार्क’मध्ये, इंजिन चालू ठेवून बघायची.

पहिली चक्कर शांतपणे, जवळपास. परत आल्यावर गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा; सकाळी त्यावर लाल थेंब कुठे पडलाय ते दिसतं. हजारेक किलोमीटरनंतर पॅन पुन्हा उतरवा. चुंबकावर राखाडी मऊ थर असेल, बोटावर चोळला तर टोचत नसेल, आणि तळाशी काळी रेती नसेल, तर चुंबक पुसा, नवा फिल्टर आणि नवं गॅस्केट घाला, पॅन बंद करा.